धापेची पलटण

कोयांबे,
सोमवार, ११ जानेवारी २०१६

चि. झाब्लोन यास अपोंडीअक्काचे, दर दोन शब्दांमागे एकदा थांबून दिलेले, अ. उ. आ.

तुझा फोन येऊन गेला असं मिल्काने सांगितलं. मी मुद्दामच घेतला नाही. फोनवर बोलू की श्वास घेऊ असं होतं मला. अर्धं वाक्य बोलून मी थांबते आणि तिकडून तू ओरडतोस, अक्का आहेस ना, अक्का आहेस ना. आहे रे बाबा! कागदावर कसं, मी चार ओळी सलग लिहू शकते आणि माझ्या छातीतली शिट्टी कुणाला ऐकू जात नाही. तेव्हा यापुढे पत्रच. नाकुरूच्या बसवाल्याच्या हाती देत जाईन, त्याच्याच हाती उत्तर पाठव. मास्तरकी सोडून तुला नऊ वर्षं झाली, अक्षर तरी शाबूत आहे का बघू दे.

इकडची बातमी म्हणजे मी आता शोभेची वस्तू झाले आहे. ओगोला नाताळाला नैरोबीहून आला आणि घरादाराला हुकूम देऊन गेला, की आईने काडी इकडची तिकडे करायची नाही. त्याची बायको, आपली मिल्का, म्हणजे हुकमाची ताबेदार. मिल्काने माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली, बादली काढून घेतली, परवा तर ओमेनातले खडे निवडत होते तर ती चिमूटभर मासळीसुद्धा सुपासकट उचलून नेली. मी आपली आंब्याखाली चटईवर. कोंबड्या माझ्या पायांवरून चालत जातात. ही काही उठत नाही, हे त्यांनाही कळलंय.

छाती काही नवी नाही माझी, तुला ठाऊक आहे. चौतीस वर्षं किनाऱ्यावर मासे धुरी देऊन वाळवले. इस्पितळातला डॉक्टर विचारतो, सिगारेटी किती ओढायचीस. मी म्हटलं, सिगारेट नाही बाबा, मी अख्खी भट्टी ओढली. त्याने नवा पंप दिला आणि सांगितलं, पलीकडच्या व्हरांड्यात चेबेत म्हणून एक मुलगी आहे, तिला भेट.

ही चेबेत डोंगराकडची, त्या शर्यती जिंकणाऱ्या धावपटू लोकांतली. सत्तावीसची असेल. तिने व्हरांड्यात तीस मीटरवर दोन बादल्या उपड्या ठेवल्या होत्या. माझ्या बोटाला चिमटा लावला, हातात घड्याळ घेतलं आणि म्हणाली, मावशी, सहा मिनिटं या बादलीपासून त्या बादलीपर्यंत चालायचं, जमेल तेवढं. मी म्हटलं, बाई गं, तुला बघायचंय काय, मी मरते कशी ते? तर म्हणते, नाही, तू चालतेस कशी ते.

एकशे बेचाळीस मीटर. दोनदा थांबले. दुसऱ्यांदा तर खांबाला मिठीच मारली. डोक्यावर माशांच्या दोन पाट्या घेऊन किनाऱ्यावरून बाजारापर्यंत जाणारी मी! लाजेने मेले. चेबेतने आकडा वहीत लिहिला आणि म्हणाली, छान, आता खाली जायला जागा नाही.

ती म्हणते, माझी फुप्फुसं काही परत यायची नाहीत, ती गेली. पण माझे पाय आळशी झालेत, आणि आळशी पायांना जास्त हवा लागते. पायांना पुन्हा कामाला लावलं तर आहे तेवढ्या हवेत भागेल. आठवड्यातून दोनदा ये म्हणते. ओगोलाला कळवू नकोस.

आणि तू काय करतोस? साखर तुझी, गेल्या वर्षी छातीत कळ येऊन अकरा दिवस इस्पितळात काढलेस तूच. तूही असाच सजवून ठेवलेला असशील. मी चेबेतला तुझं विचारलं. ती म्हणाली, त्यांच्या डॉक्टरांना विचारून चालायला लागू देत. तर विचार, आणि चाल. माझ्याशी पैज लाव.

माझ्या भावजयीला, रिस्पाला, प्रेम सांग. धाप लागली, थांबते. तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
अपोंडीअक्का


नाकुरू,
रविवार, २४ जानेवारी २०१६

ती. अक्कास, लाल शाई बाजूला सारून धाकट्या झाब्लोनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या सात चुका सापडल्या, त्यांतल्या तीन तू सातवीत असतानाही करत होतीस. बाकी पत्र उत्तम. रिस्पाने शिवणाचं मशीन थांबवून ऐकलं आणि कोंबड्यांच्या ओळीपाशी खूप हसली. नंतर मात्र मशीन जोरात चालवलं. तिला तुझं हे व्हरांड्यातलं प्रकरण पटलेलं नाही. ती म्हणते, आजारी माणसाला पळवणारं इस्पितळ तिने आजवर पाहिलेलं नाही.

मलाही प्रथम हसू आलं. सदतीस वर्षं भूगोल शिकवला मी, नाईल नदी उगमापासून समुद्रापर्यंत तोंडपाठ. आणि म्हातारपणी माझी बहीण दोन बादल्यांमधलं अंतर मोजते आहे. पण मग रात्रभर तो एकशे बेचाळीसचा आकडा डोक्यात घोळत राहिला. तू खोटं लिहिणारी नाहीस. चांगला आकडा असता तर फुगवून सांगितला असतास. वाईट आकडा प्रामाणिकपणे लिहायला धीर लागतो.

तर पैज कबूल. मी चालायला लागतो. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मागेच सांगितलं होतं, की सपाट रस्त्यावर थोडंथोडं चालायला हरकत नाही. मीच मनावर घेतलं नव्हतं. आता घेतो.

ओगोलाला मी काही कळवणार नाही. तो फोनवर विचारतो, मामा, आई ऐकते ना माझं? मी म्हणतो, तुझी आई लहानपणापासून सगळ्यांचं ऐकते आणि मग स्वतःचंच करते.

पंप वेळेवर घे. लोभ आहेच, त्यात तुझ्या मीटरगणिक वाढ व्हावी.
तुझा,
झाब्लोन


कोयांबे,
सोमवार, १५ फेब्रुवारी २०१६

चि. झाब्लोन यास अ. उ. आ., आणि आशीर्वादाबरोबर एक आकडा: एकशे शहाण्णव!

होय, एकशे शहाण्णव मीटर, आणि एकदाच थांबले. ते सुद्धा मध्ये बकरी आली म्हणून. चेबेत म्हणते बकरी धरायची नाही, पण थांबले ते थांबले.

आम्ही आता आठ जण आहोत. तुला सगळ्यांची नावं नकोत, दोघांची सांगते. एक विल्किस्टा. एकोणतीस वर्षांची पोर, दोनदा क्षय झाला, दोन्ही वेळा औषधं पुरी करून बरी झाली, पण एक फुप्फुस सुकून गेलंय. ती खोकली की लोक अजून तोंडावर फडकं धरतात. दुसरे न्यांग्वेसो, तुरुंगावरचे जुने शिपाई, पंचाहत्तरीचे. छाती खराब, हृदय खराब, गुडघे त्याहून खराब, पण चालताना अजून सलामीला निघाल्यासारखे चालतात. चार वर्षं खोलीतून बाहेर आले नव्हते. आता आम्हाला कवायत शिकवतात. डावा, उजवा, श्वास, डावा, उजवा, श्वास. बाजारातले बोडावाले आम्हाला धापेची पलटण म्हणतात. म्हणू देत. मी त्यांना सांगितलं, तुमच्या मोटारसायकली आमच्यापेक्षा जास्त खोकतात.

व्हरांड्यात आम्ही वाळू भरलेल्या बाटल्या उचलतो, विटेवर चढतो, विटेवरून उतरतो. बारा वेळा. आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकतो, हळूहळू, चूल फुंकतात तसा. मी चेबेतला म्हटलं, अगं पोरी, फुंकून फुंकून तर ही दशा झाली माझी, आता तूही फुंकायलाच शिकव! ती एवढी हसली की तिलाच धाप लागली. पण उपयोग होतो बरं का. चढावर छाती आवळून आली की मी फुंकत बसते. पूर्वी वाटायचं, संपलं. आता वाटतं, थांब जरा, येईल.

मिल्काला काही लपलं नाही. आज सकाळी मी केरसुणी हातात घेतली तर ती बघत उभी राहिली. मी अर्धं अंगण झाडलं, बसले, उरलेलं अर्धं झाडलं. ती आत निघून गेली. पण संध्याकाळी ओगोलाचा फोन आला, म्हणजे तिने सांगितलं. त्याने मला आई म्हणून हाकसुद्धा मारली नाही, थेट सुरुवातच केली: तुला मरायचंय का? मी म्हटलं, मरणार तर आहेच, पण चटईवर कोंबड्यांच्या पायांखाली नाही. फोन ठेवून पंधरा मिनिटं धापत होते. बोलण्यानेच जास्त लागते मेली.

तुझा आकडा कुठे आहे? पैज लावलीस ना? पळवाट काढू नकोस.
तुझ्या पावलांवर डोळे लावून बसलेली,
अपोंडीअक्का


नाकुरू,
मंगळवार, १ मार्च २०१६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि., आणि आकड्याला आकडा: एक हजार सहाशे!

होय, मीटरच. रोज पहाटे उठतो, काळे बूट घालतो, आणि सरोवराच्या काठापर्यंत जाऊन येतो. काय ती हवा! हजारो गुलाबी रोहित पक्षी उथळ पाण्यात एका पायावर उभे असतात. त्यांच्यामागे ऊन हळूहळू वर येतं आणि सगळं सरोवर गुलाबी होतं. मी काठाशी उभा राहून मोठे श्वास घेतो. परतताना जुने विद्यार्थी भेटतात, मास्तर, मास्तर म्हणून थांबवतात. साखर उतरली आहे. पायांत जोर आला आहे. रिस्पासुद्धा आता काही म्हणत नाही.

तुझ्या न्यांग्वेसोंना माझी सलामी. विल्किस्टाला सांग, की फडकं धरणाऱ्यांच्या तोंडावर मुद्दाम खोकावं.

तू लिहीत राहा, अक्का. तुझं पत्र आलं की मी ते तीनदा वाचतो. तू विटेवर चढतेस ते मला दिसतं. ओगोलापुढे हार मानू नकोस. आपल्या घरात कुणीतरी हार न मानलेलं असायला हवं.

लोभाची सावली अशीच राहू दे.
तुझा,
झाब्लोन


कोयांबे,
मंगळवार, २९ मार्च २०१६

चि. झाब्लोन यास अ. उ. आ.

आकडा नाही. न्यांग्वेसो गेले.

१७ तारखेला, गुरुवारी, ते तीनशे दहा मीटर चालले. आमच्यात कुणीच तेवढं चाललं नव्हतं. चेबेतला सलामी ठोकून घरी गेले. रविवारी सकाळी चहा पिता पिता मान टाकली. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, दोन वर्षांपासून कधीही थांबणार होतं. पण त्यांचा भाऊ दफनाच्या दिवशी सगळ्यांदेखत ओरडला, की या इस्पितळाने आजारी म्हाताऱ्याला शिपायासारखं पळवून मारलं. चेबेत मागच्या रांगेत उभी होती. तिच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. मी तिचा हात धरायला गेले तर हात बर्फासारखा गार.

काल, सोमवारी, व्हरांड्याला दोरी बांधली. आरोग्य समितीची बैठक ९ एप्रिलला मुखियाच्या कचेरीत आहे, तोवर वर्ग बंद. आणि सगळे म्हणतात, बंद तो बंदच. चेबेतला बदलीची नोटीस आली आहे.

ओगोलाला अर्थातच कळलं. त्याने फोनवर या वेळी आरडाओरडा केला नाही, त्याचंच मला जास्त भय वाटलं. शांतपणे म्हणाला, आई, शनिवारी नऊ तारखेला गाडी घेऊन येतोय, कपडे भरून ठेव. नैरोबीत त्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे. एकदा वर गेले की मी खाली येईन ती खांद्यावरूनच.

ते गेल्यापासून, दहा दिवस होत आले, मी चालले नाही. घरातल्या घरात मोरीपर्यंत जाताना पुन्हा भिंत धरायला लागले आहे. एवढ्या लवकर सगळं परत जातं रे! जणू पाय वाटच बघत होते.

एक विचारायचं राहिलं. चेबेत नाकुरूला शिकायला होती. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, सरोवराला तर चहूबाजूंनी कुंपण आहे आणि दारावर तिकीट लागतं; मास्तर रोज पहाटे उडी मारून आत जातात का? आणि म्हणते, रोहित पक्षी पाणी चढल्यामुळे दोन-तीन वर्षांमागेच दुसरीकडे गेले. मी म्हटलं, माझ्या भावाने भूगोल शिकवलाय, त्याला जास्त कळतं.

तुला जास्त कळतं ना, झाब्लोन?
अपोंडीअक्का


नाकुरू,
रविवार, ३ एप्रिल २०१६

ती. वन्सं यांस, न विचारता लिहिण्याबद्दल आधी क्षमा मागून, रिस्पाचा शि. सा. न. वि. वि.

हे चर्चला जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर गप्पा मारत बसले आहेत तेवढ्यात लिहिते आहे.

वन्सं, तुम्ही यांना चालण्याबद्दल लिहू नका. हे कुठेही जात नाहीत. नोव्हेंबरपासून आमच्या फाटकाबाहेर पडलेले नाहीत. खुर्चीतून पलंग, पलंगावरून खुर्ची. बूट मी कपाटावर ठेवले आहेत, ते मागतही नाहीत. सरोवर, पक्षी, विद्यार्थी हे सगळं त्यांनी खुर्चीत बसून लिहिलं. लिहिताना मी मशीनवर होते. मला वाटलं जुनी आठवण लिहीत असतील. परवा तुमचं पत्र आलं, कुंपणाबद्दलचं, ते वाचून त्यांनी घडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी इतक्या वर्षांत यांना रडताना दोनदाच पाहिलं आहे. हे तिसऱ्यांदा.

दोष माझा आहे, असं तुम्ही म्हणाल. डॉक्टरीणबाईंनी थोडं चालू द्या म्हटलं होतं, मीच नको म्हटलं. माझे वडील बाजारातून येताना रस्त्यात पडले आणि तिथेच गेले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, त्यांच्या बरोबर होते. लोक येईपर्यंत मी एकटी त्यांच्यापाशी बसले होते. हे जरा वेगाने उठले तरी मी मशीन सोडून धावते. मला हे खुर्चीत का होईना, पण असायला हवेत.

रागावू नका. तुमच्या मायेला मला पात्र राहू द्या.
तुमची,
रिस्पा


कोयांबे,
सोमवार, ११ एप्रिल २०१६

चि. झाब्लोन व चि. सौ. रिस्पा, दोघांनाही एकाच पानावर अ. उ. आ.; शेजारी शेजारी बसून वाचा, कुणी कुणापासून लपवू नका.

आधी शनिवारचं सांगते, मग तुमच्याकडे वळते. त्यातून तुमची सुटका नाही.

मुखियाची कचेरी टेकाडावर आहे, किनाऱ्यापासून सव्वा किलोमीटर. बैठक दहाला. आम्ही सात जण उरलेले, न्यांग्वेसोंची बायको आठवी. तिची छाती ठणठणीत आहे, तरी आली. विल्किस्टा म्हणाली बोडाने जाऊ. मी म्हटलं, बोडावर बसून गेलो तर ते म्हणतील, बघा, यांना चालता येत नाही. चालतच जायचं. साडेसातला निघालो.

झाब्लोन, मी खोटं लिहिणार नाही. हाल झाले. पाऊस पडून गेलेला, रस्ता निसरडा. पहिल्या पन्नास मीटरमध्येच मला कळलं, की तीन आठवड्यांच्या बसण्याने काय काय नेलंय. दर शंभर पावलांवर थांबायचो, गुडघ्यांवर हात ठेवून सात जण ओळीने फुंकत उभे. दुकानदार बाहेर आले. बोडावाले बाजूबाजूने हळू गाडी चालवत म्हणत होते, आजी बसा, फुकट नेतो. विल्किस्टाला खोकल्याची उबळ आली, एका बाईने फडकं तोंडाशी नेलं, आणि न्यांग्वेसोंच्या बायकोने तिच्याकडे असं काही पाहिलं की ते फडकं परत कमरेला गेलं.

अर्ध्यावर मागून गाडीचा भोंगा. ओगोला! नैरोबीहून मला न्यायला आलेला, घरात मी नाही, मिल्काने बोट दाखवलं टेकाडाकडे. खिडकीतून डोकं काढून म्हणतो, आई, आत बस. मला बोलायला हवा नव्हती, मी नुसती मान हलवली. तो म्हणतो, आई, लोक बघतायत. मी पुन्हा मान हलवली. मग त्याने काच वर केली. मागचे दिवे उघडझाप करत, आमच्या चालीने, पहिल्या गियरमध्ये, वरपर्यंत मागे मागे आला. त्याच्यामागे दोन मालट्रक अडकले होते, ते भोंगे वाजवत होते. लग्नाच्या वरातीलासुद्धा एवढी वाजंत्री नसते.

अकराला दहा कमी असताना पोचलो. बैठक संपत आली होती. ओबुया म्हणून समितीचे अध्यक्ष आहेत, ते म्हणाले, बोला, तुमच्यातर्फे कोण बोलणार? आणि कुणालाच बोलता येईना. सातही जणांची छाती शिट्ट्या मारत होती. मी तोंड उघडलं, आवाजच नाही. एक सभासद हसला. मग त्याचंही हसू थांबलं. त्या खोलीत आमच्या श्वासांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पाच मिनिटं असेल, दहा असेल. ओबुयांनी पेन खाली ठेवलं आणि ते थांबले. मला वाटतं त्यांनी तो आवाज पहिल्यांदाच एवढा वेळ ऐकला. एरवी लोक उठून जातात.

मग मी बोलले. मोजकंच, कारण मोजकंच जमत होतं. म्हटलं, न्यांग्वेसो चालून मेले म्हणता. आम्हीही मरू. पण आम्ही बसून मेलो, तर दोष कुणाला देणार? चटईला?

न्यांग्वेसोंच्या बायकोला कुणी विचारलंच नव्हतं. तीच उठली. म्हणाली, चार वर्षं मी याला खोलीत ताट नेऊन दिलं. शेवटचे सहा आठवडे हा स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात आला, माझ्यासमोर बसून जेवला. तुम्ही मला ते सहा आठवडे परत द्यायला सांगताय का? न्यांग्वेसोंचा भाऊ दाराशी उभा होता. तो बाहेर निघून गेला.

निकाल असा. दोरी सुटली. मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ग, पण एक परिचारिका हजर पाहिजे, आणि हृदयाचं दुखणं असलेल्याला डॉक्टरने आधी तपासायचं. हे त्यांचं बरोबरच आहे. चेबेतची बदली मात्र टळली नाही. जूनमध्ये जाईल. तोवर ती विल्किस्टाला आणि मला घड्याळ धरायला शिकवते आहे. मला रडू येतंय पण रडण्यानेही धाप लागते, म्हणून ठेवून दिलंय.

उतरताना मी ओगोलाच्या गाडीत बसले. हट्टी आहे, खुळी नाही. तो सगळा उतार पहिल्याच गियरमध्ये उतरला. घरी आल्यावर म्हणाला, तू अकरा वेळा थांबलीस, मी मोजत होतो. आणि मग म्हणाला, प्रत्येक वेळी मला वाटलं आता गाडीत बसेल. माझं गाठोडं दाराशी भरून ठेवलं होतं मिल्काने. त्याने ते उचलून आत नेऊन ठेवलं आणि एकटाच परत गेला. पटलं आहे असं नाही त्याला. दर संध्याकाळी फोन करतो. पण आता विचारतो, किती चाललीस.

आता तुमचं. रिस्पा, तू मला लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्या वडिलांचं मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांची पोर रस्त्यात एकटी बसलेली, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. पण ऐक. तू माझ्या भावाला मरणापासून दूर ठेवायला बसवलंस, आणि तो बसल्या बसल्या थोडा थोडा जातोच आहे. माझे पाय दहा दिवसांत गेले, त्याचे तर सहा महिने झाले. चेबेतला मी सगळं सांगितलं. ती म्हणते, आधी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन छाती आणि पाय तपासून घ्या, साखरेच्या माणसाच्या तळव्यांना जखम असली तर आधी ती बरी करायची. मग घरातच सुरुवात. धाप लागली तर घाबरायचं नाही, वेग कमी करायचा. छातीत कळ आली तर मात्र तिथेच थांबायचं आणि इस्पितळ गाठायचं. एवढाच फरक दोघांनी पाठ करा. आणि तुला भीती वाटते ना? मग त्याला अडवू नकोस, त्याच्याबरोबर चाल.

आणि झाब्लोन. माझ्या कुठल्याही चुकीवर तू लाल शाई फिरवलीस. आज माझी पाळी. एक हजार सहाशे खोडून टाक. मला खरा आकडा पाठव. चार असला तर चार लिही. मी एकशे बेचाळीस लिहिले होते की नाही?

रागावलेली, पण तुमचीच,
अपोंडीअक्का


नाकुरू,
रविवार, २९ मे २०१६

ती. अक्कास, मान खाली घालून शि. सा. न. वि. वि.

उत्तराला सात आठवडे लागले. खरा आकडा लिहायचा तर आधी तो असायला हवा ना.

पहिला आकडा नऊ. मीटर नाही, पावलं. पलंगापासून खिडकीपर्यंत, १९ एप्रिलला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तळपाय बघितले, गोळी बदलली आणि म्हणाल्या, मास्तर, सहा महिने काय करत होता? मी म्हटलं, भूगोल. रिस्पा खाली बघत होती. बाहेर आल्यावर तिने कपाटावरचे बूट काढून पुसले. मला दिले नाहीत, नुसते पुसून दाराशी ठेवले. तीन दिवस ते तिथेच होते. चौथ्या दिवशी मी घातले.

मी खोटं का लिहिलं, हे तू विचारलं नाहीस. तुझ्या पत्रात तू विटेवर चढायचीस, आणि माझ्याकडे लिहायला खुर्ची होती. एका शिक्षकाने एवढं मोठं सरोवर कुंपणाबाहेर काढून ठेवलं, यावरून समज मला किती लाज वाटत होती.

आता फाटकाबाहेरचं सांगतो. रिस्पा एका अटीवर तयार झाली, की ती मागे राहील. मला वाटलं, हात धरून. तर ही बाई डोक्यावर प्लास्टिकचं स्टूल घेऊन मागे! मला जरा धाप लागली, की धपकन स्टूल रस्त्यात ठेवते आणि म्हणते, बसा. सगळी गल्ली बघते. कोपऱ्यावरचा चपला शिवणारा म्हणाला, मास्तर स्टुलाला फिरायला नेतात. पहिल्या आठवड्यात मी दर वीस पावलांवर बसत होतो, खरं सांगायचं तर निम्म्या वेळा तिच्या समाधानासाठी. छातीत कळ एकदाही आली नाही. धाप रोज लागते. मी तू सांगितल्यासारखं ओठ गोल करून फुंकतो. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी असते आणि तिच्याही नकळत तिचेही ओठ गोल होतात.

काल आम्ही डाकघराच्या कोपऱ्यापर्यंत जायचं ठरवलं होतं. दोनशे चाळीस मीटर, फुटपट्टीने नव्हे पण पावलांनी दोनदा मोजलेले. चढ आहे थोडा. मी माझ्या चालीने चढत होतो, पायांकडे बघत, श्वास मोजत. पाणपोईपाशी मला वाटलं आता स्टूल येईल. आलं नाही. मी पुढे गेलो. रस्त्याकडेची लांब भिंत संपली तेव्हा थांबलो आणि मागे वळून पाहिलं.

रिस्पा बरीच मागे, रस्त्याच्या कडेला, स्वतःच स्टुलावर बसली होती. कमरेच्या फडक्याने तोंड पुसत होती. तिला धाप लागली होती. मी परत फिरायला लागलो, तर तिने हात उंच केला आणि जोरात हलवला. ये म्हणून नाही, अक्का. जा म्हणून.

मी डाकघरापर्यंत गेलो.

लोभ असावा, आणि पुढच्या खेपेला तुझा आकडाही असावा.
तुझा,
झाब्लोन